झुंबरबाईच्या अंगणातले खेळ

पोरं सांभाळायची म्हणजे त्यांना घरात कोंडायचं, हे झुंबरबाईला कधी पटलंच नाही. जळगावात रेल्वेच्या रुळांपलीकडे तिचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि घराच्या चौपट अंगण. नवरा भाईदास कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, एकुलती लेक फैजपूरला दिलेली. शेजारची नर्स एकदा अडली म्हणून तिचा पोरगा दिवसभर ठेवून घेतला, तो शहाऐंशी साली. दोन वर्षांत अंगणात नऊ पोरं झाली. याला पाळणाघर म्हणतात हे तिला मागाहून कळलं.

सकाळी पोरं आली की चपला ओट्यावर. मग भिंतीला चुना द्यायचा जुना कुंचला आणि बादलीभर पाणी देऊन ती सांगे, भिंत रंगवा. पोरं पाण्यानं भिंत रंगवत, ऊन ती वाळवून टाकी, पोरं पुन्हा पहिल्यापासून लागत. तासभर कुणाला आईची आठवण येत नसे. केळीच्या खोडाच्या सोपटाच्या होड्या घमेल्यात सोडायच्या, कपाशीच्या वाळक्या काड्यांची खोपी करायची, पिंपळपानाची पिपाणी वाजवायची. गिरणा नदीच्या वाळूचा ढीग होता, पण वाळू आधी भिजवायची, कारण कोरडी डोळ्यात जाते आणि तिचं घरही उभं राहत नाही. वाळूत पुरलेले चिंचोके शोधायचे ते फक्त मोठ्यांनी. लहानग्याच्या हाती दिलेला चिंचोका सरळ नाकात जातो, हे ज्ञान तिला पुस्तकातून नव्हे, एका नाकातूनच मिळालं होतं. एखादं पडलं तर ती धावत सुटत नसे. ते आपण होऊन उठतंय का, तेवढं बघे.

कुणा आईनं मळक्या फ्रॉकवरून नाक मुरडलं, तर झुंबरबाईचं उत्तर ठरलेलं. ‘‘पोरे मातीमाच मोठा व्हतस, बाई.’’

मंदाबाई आली ती अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर. एका खाजगी शाळेत टेम्पररी शिक्षिका. तिची हेमांगी तीन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द काढत नव्हती. डॉक्टर झाले, देव झाले. झुंबरबाईनं काही केलं नाही, तिला वाळूत बसवलं आणि इतरांसारखीच तिच्याकडेही पाठ फिरवली. दीड महिन्यानं एका पोरानं हेमांगीचं वाळूचं घर लाथाडलं, आणि ती पोर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘माझं!’’ संध्याकाळी मंदाबाई झुंबरबाईच्या गळ्यात पडून रडली. त्या दिवसापासून अक्का म्हणायला लागली. दोघींत अगंतुगं सुरू झालं.

शाळा सुटली की मंदाबाई ओट्यावर बसून एका वहीत खेळ लिहून घेई. वाळू किती भिजवायची, काड्या कुठून मोडायच्या, कुंचला केवढा हवा. झुंबरबाई खुलून सांगत सुटे. आपल्या हातचं काही वहीत उतरावं असं आजवर घडलं नव्हतं. भोळी म्हणावी तर ती तशी नव्हती, भाजीवाल्याला दमडीनं फसली नसती. पण कौतुकापुढे भल्याभल्यांचं शहाणपण चालत नाही, तिचंही चाललं नाही.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण सासरी राहत नाही. माहेरी जाते, झोका खेळते, पोटातलं सगळं तिथं रितं करते. माहेरी बोललेलं सासरी पोचत नाही, हा या मुलखातला न लिहिलेला कायदा. झुंबरबाईचं माहेर एरंडोलकडे होतं; आईबाप गेले, भाऊ सुरतेला निघून गेला, घराला कुलूप. दर आखाजीला ती दिवसभर तोंड पाडून बसे. त्या वर्षी मंदाबाईनं घरी बोलावलं. माझं घर तेच तुझं माहेर, म्हणाली. बांगड्या भरल्या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस वाढला, दारच्या आंब्याला झोका बांधला. त्या झोक्यावर बसून झुंबरबाईनं पोटातलं काढलं: मागच्या महिन्यात एका सकाळी पोरं यायच्या आधी अंगणात एका विटेखाली विंचू निघाला होता. तिनं तो ठेचला. तेव्हापासून रोज पहाटे ती वीट न्‌ वीट चिमट्यानं उलटते. हे तिनं भाईदासलाही सांगितलं नव्हतं. मंदाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि नवांतली दोनच पोरं आली. झुंबरबाईला वाटलं, गावाला गेली असतील. आठवडा गेला. शेवटी नर्सनं मान खाली घालून सांगितलं. शाळेनं मंदाबाईला पुन्हा घेतलं नव्हतं. तिनं घरीच बालवाडी काढली होती. आणि आयांना घरोघर जाऊन सांगितलं होतं, झुंबरबाईकडे विंचू निघतात, तिनंच मला सांगितलं. नर्सनंही पोराला तिकडेच घातलं होतं.

झुंबरबाईला पोरं गेल्याचं दुःख होतंच. पण तिचाच शब्द तिच्या अंगणावर सोडला होता, ते जास्त जाळत होतं. ती तशीच उठून मंदाबाईच्या दारात गेली.

दारावर रंगीत पाटी होती. आत चकचकीत फरशीवर सात पोरं हाताची घडी घालून बसली होती. भिंतीशी प्लास्टिकच्या टबात वाळू, कोरडी ठणठणीत, आणि तिला हात लावायची वेळ अजून झाली नव्हती. मंदाबाई जरा चपापली, मग सावरली.

‘‘मी खोटं काय सांगितलं, अक्का? विंचू निघाला होता ना?’’

विंचू खरंच निघाला होता. मंदाबाई मऊ आवाजात पुढे म्हणाली की राग धरू नकोस, मला मदतीला बाई हवीच आहे, पोरं तुझ्या ओळखीची आहेत. तिनं ‘आया’ हा शब्द वापरला नाही एवढंच.

तेवढ्यात हेमांगी रांगेतून उठली, धावत आली आणि दोन्ही मुठींत झुंबरबाईचा पदर धरून म्हणाली, ‘‘घरी चल. वाळूत.’’ आता ती पोर अख्खी वाक्यं बोलत होती. हो म्हटलं असतं तर ती मूठ रोज मिळाली असती, आणि झुंबरबाईचं मन क्षणभर तिकडे वळलंही.

ती खाली वाकली. पोरीची बोटं एक एक करून पदरातून सोडवली, तिला फरशीवर परत बसवलं आणि मग मंदाबाईकडे पाहिलं.

‘‘मी तुले मायेर समजीसन सांगं व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘आते तुम्ही मास्तरीणबाई, नि मी कोनी नही.’’

पाठीमागे हेमांगी रडायला लागली. झुंबरबाईनं वळून पाहिलं नाही.