भिंतीलगतची त्रेचाळीस दारं

तिचं खरं नाव फक्त मतदार यादीला आणि वीजबिलाला ठाऊक होतं. वस्तीसाठी ती फ्लॅशमावशी. लग्नाच्या फोटोग्राफरमागे फ्लॅशचा दांडा धरून उभं राहण्यात तिची सोळा वर्षं गेली, हे त्या नावाचं एक कारण. दुसरं कारण कुणी तिच्या तोंडावर सांगत नसे. ती भडकली की आधी डोळे दिपायचे, मग काय झालं ते कळायचं.

दांडा धरता धरता ती फोटो काढायला शिकली. शिकवलं कुणी नाही. "बाई, उजेड सरळ धरा" एवढंच तिचं शिक्षण. मग जुना रोलचा कॅमेरा आणि एक अठ्ठावीसची, रुंद चित्र घेणारी लेन्स विकत घेतली आणि सरकारी कचेरीबाहेर स्टूल टाकून पासपोर्ट फोटो काढायला बसली. बारा वर्षांपूर्वी वस्तीचा पहिला सर्व्हे झाला, तेव्हा तिनेच त्या लेन्सने एकशेचाळीस दारं टिपली होती. एकही फोटो नाकारून परत आला नव्हता. हे ती आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचीच.

आता वस्ती पाडायची म्हणून दुसरा सर्व्हे आला. सार्वजनिक नळाच्या भिंतीवर नोटीस लागली. प्रत्येक घराचा एक फोटो हवा. उंबऱ्यापासून वरच्या नंबरापर्यंत अख्खं दार आणि दारात घरचा कर्ता माणूस, सगळं एकाच चित्रात. मोबाईलचा फोटो चालणार नाही, कारण म्हणे कुठल्यातरी वस्तीत एकच फोटो चार घरांना लावला होता. चोरी कुणी केली माहीत नाही, शिक्षा आम्हाला. मुदत पंधरा दिवस. ज्याचा फोटो नाही त्याचं नाव यादीत नाही, आणि यादीत नाव नाही त्याला घर पाडल्यावर दुसरं घर नाही. पाडायची सुरुवात होणार होती गोदामाच्या उंच भिंतीलगतच्या ओळीपासून. त्रेचाळीस घरं. त्यातलं एक फ्लॅशमावशीचं.

रोल धुणारं शहरातलं शेवटचं दुकान दोन वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. म्हणजे डिजिटल कॅमेरा घेणं आलं. वस्तीच्या समितीने घरटी वर्गणी काढली, कमी पडले ते मावशीने स्वतःच्या डब्यातले घातले. आणि समितीचा सेक्रेटरी, जो पोटापाण्याला प्लंबर होता, तिच्यासोबत जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला.

"मावशी, तिथे भांडायचं नाही हं," प्लंबर वाटेत म्हणाला.

"मी कधी भांडते?"

"मी आपलं सांगून ठेवलं."

काउंटरमागचा विक्रेता पंचविशीचा, केसांना तेलासारखं काहीतरी चोपडलेला. बजेट ऐकून त्याने नव्या कॅमेऱ्यांच्या कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. खालच्या खणातून दोन सेकंडहँड डीएसएलआर काढून काचेवर ठेवले. दोन्हींची किंमत सारखीच. एक जुनं मॉडेल, कडा घासलेल्या, सोबत प्लास्टिकची झूम लेन्स. दुसरं चार वर्षांनी नवं, चकचकीत, पण नुसती बॉडी, लेन्स नाही.

"क्लिक किती झालेत?" मावशीने विचारलं.

विक्रेता जरा सावरून बसला. गिऱ्हाईक कच्चं नाही हे त्याला कळलं. "याचे साठ हजार. याचे नऊ."

"आणि देतोस कुठला?"

"तुम्हाला हा जुना बरा पडेल, मावशी. लेन्ससकट आहे."

मावशीने प्लंबरकडे असं पाहिलं की बघ, सांगितलं नव्हतं? साठ हजार वेळा दाबून झालेला, उद्या मान टाकेल असा कॅमेरा हा माणूस गळ्यात मारतोय. तिने पिशवीतून आपली अठ्ठावीसची लेन्स काढली, पदराने पुसली आणि नव्या बॉडीवर खटकन बसवली.

"लेन्स माझी आहे. पितळी. तुझं ते प्लास्टिक तुझ्याकडेच ठेव."

"लेन्स चांगलीय, मी नाही कुठं म्हणतो? पण या बॉडीवर ती तेवढं मोठं चित्र घेणार नाही. रोलपेक्षा यातला सेन्सर लहान असतो. कडेकडेचं कापलं जातं."

"कोण कापतं?"

"कॅमेराच. म्हणजे तुम्हाला मागं सरकावं लागेल."

"अरे बाळा, तुझं बारसं झालं नव्हतं तेव्हापासून मी मागं सरकतेय. बिल कर."

"मावशी, तो काय म्हणतोय ते एकदा ऐकून..." प्लंबरने तोंड उघडलं.

"तू नळ बघ. तिथे मी बोलते का?"

तिने कॅमेरा दुकानाच्या दारातून रस्त्याकडे रोखला. समोरची गाडी, खांब, चपलांचं दुकान, सगळं स्वच्छ दिसलं. रस्ता रुंद होता. बिल झालं. बिलावर शिक्का होता, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

यात तिचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जन्मभर ज्या ज्या काउंटरवर ती गेली, तिथे पलीकडच्या माणसाने तिला फसवायचाच प्रयत्न केला. रेशनवर, दवाखान्यात, वीज कचेरीत. त्या माणसाच्या उलट वागायचं, या एका नियमावर ती तगली होती. त्या दिवशी पलीकडचा माणूस खरं बोलत होता. हे तिने ओळखायचं कशावरून?

पहिले आठ दिवस झकास गेले. वस्तीच्या पुढच्या ओळींसमोर मैदान आहे, तिथे हवं तेवढं मागं जाता येतं. सत्त्याण्णव घरं झाली. पोरंटोरं मागे, मावशी पुढे. "हनुवटी वर. एवढी नाही, कर्ज मागायला आल्यासारखी दिसतेयस." लोक हसत, आणि हसू विरायच्या आत ती बटण दाबे.

नवव्या दिवशी ती भिंतीलगतच्या ओळीत शिरली. तिथे दारासमोर पाच फूट बोळ आणि मग गोदामाची भिंत. पहिलंच घर शेजारच्या आजीचं. आजी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. मावशीने पाठ भिंतीला टेकवली, कॅमेरा उभा धरून डोळ्याला लावला आणि तशीच थांबली.

आजीचं डोकं दिसत होतं, पोट दिसत होतं. पाय नव्हते, उंबरा नव्हता. कॅमेरा खाली केला की उंबरा यायचा आणि नंबर जायचा.

"काय गं? मी हलले का?" आजीने विचारलं.

"नाही. तू नाही हललीस."

याच भिंतीला पाठ लावून, याच लेन्सने, बारा वर्षांपूर्वी तिने अख्खं दार घेतलं होतं. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. खाली बसली, कोपऱ्यातून तिरकं घेतलं, तर नंबर वाचता येईना. भिंत मागं सरकत नव्हती. विक्रेत्याचा शब्द न् शब्द तिला आठवला आणि कानशिलं तापली. प्लंबर बाजूला उभा होता. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर ओरडता आलं असतं.

दुपारी ती एकटीच दुकानात गेली. घासलेला कॅमेरा त्याच्या प्लास्टिकच्या लेन्ससकट आदल्याच दिवशी विकला गेला होता.

"नुसती तशी लेन्स मिळेल का?"

"आता सेकंडहँड नाहीये. नवी आहे." विक्रेत्याने किंमत सांगितली. मग तिचा चेहरा बघून हळूच म्हणाला, "मी बोललो होतो, मावशी."

"बोलला होतास," ती म्हणाली. तिच्या तोंडून असं कबुलीचं वाक्य निघाल्याचं वस्तीत कुणी ऐकलेलं नाही.

तिथून ती जुन्या मालकाच्या, त्या लग्नाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत गेली, जिथे परत पाय ठेवणार नाही असं तिने चौदा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मालकाने खुर्ची दिली, तब्येत विचारली. लग्नाचे दिवस, सगळे कॅमेरे बाहेर, मोकळा होणारा पहिला कॅमेरा मुदतीनंतर दोन दिवसांनी. "आधी सांगायचं ना गं," तो म्हणाला, आणि त्यात टोमणाही नव्हता.

वर्गणी पुन्हा काढायची भाषा समितीत कुणी केली नाही. कुणाकडे काही उरलंच नव्हतं. मग मावशीने सुचलं ते केलं. प्रत्येक दाराचे दोन फोटो घेतले, एक वरचा, एक खालचा, आणि कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर जोडून घेतले. शिवण दिसत नव्हती, इतकं सुबक काम.

शेवटच्या दिवशी कारकुनाने एकशेचाळीस फोटो मोजून घेतले. सत्त्याण्णववर शिक्के मारले. उरलेले त्याने बोटाने चाळले.

"हे लांबट का?"

खोटं बोलायचं ठरवून आली होती, पण जमलं नाही. "दोन घेऊन जोडलेत. बोळ पाच फुटांचा आहे, साहेब. येऊन बघा."

"जोडलेला चालत नाही. एकच फोटो लिहिलंय."

"मग तुम्ही काढा तिथे उभं राहून!" तिचा आवाज चढला, रांगेतली माणसं वळली. "पाठ भिंतीला लावा आणि काढा! दार तेच, माणूस तोच, नंबर तोच. कशाला लबाडी करू? माझंच घर आहे त्यात!"

"बाई, ओरडून काय होणार? नियम मी केलाय का?"

प्लंबरने विनवलं, साहेबांना भेटू द्या म्हणाला. साहेब दौऱ्यावर. फेरअर्ज करा, कारकून म्हणाला, यादी लागल्यावर. यादी लागल्यावर चार दिवसांत पाडायचं यंत्र येणार हे त्यालाही माहीत होतं, म्हणून त्याने ते खिडकीकडे बघत सांगितलं.

त्रेचाळीस फोटो पाकिटात घालून ती बोळात शिरली, तेव्हा बाया दारांत उभ्याच होत्या. तिने त्यांना ताटकळत ठेवलं नाही. "घेतले नाहीत. माझ्या चुकीने. कॅमेरा मी चुकीचा घेतला." कुणी शिव्या दिल्या नाहीत. एकीने आत जाऊन दार लावून घेतलं. बाकीच्यांनी आपापला फोटो घेतला.

शेजारच्या आजीने आपला फोटो उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"छान आलेय गं मी," ती म्हणाली. "अख्खी आलेय. लावते भिंतीला. भात कालवून चिकटवला की पक्का बसतो."

"भिंतीला नको लावूस," फ्लॅशमावशी म्हणाली. "पेटीत ठेव."