शंभर किलो चिकू आणि मी

गेली बावीस वर्षं मी डहाणूत अकरावी-बारावीच्या मुलांना हिशेबशास्त्र शिकवतो, आणि माझ्या बायकोचा पहिला धंदा मी एका कागदात बुडवत आणला होता.

सुनंदाच्या भिशीचे वीस हजार आले. दरवेळी असे पैसे फ्रीज नाहीतर लग्नाचा आहेर गिळायचा. या वेळी तिने ठणकावून सांगितलं, "मी सुकवलेल्या चिकूचे काप विकणार. हे पैसे बुडाले तर पुन्हा धंद्याचं नाव काढणार नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "अहो, एका किलोला खर्च किती येईल, तेवढं काढून द्याल?"

तेवढं? मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, पाठच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारल्या (पट्टीशिवाय मी किराणाची यादीही करत नाही) आणि मांडणी केली. चिकू तीस रुपये किलो. सोलणावळ दहा. पिशवी, लेबल, गाडीभाडं मिळून वीस. एकूण साठ! विक्री दीडशेला. म्हणजे किलोमागे नव्वद नफा. सुकवायच्या जाळीच्या चौकटींना नऊ हजार. नऊ हजार भागिले नव्वद, शंभर किलो. "शंभर किलो विकलेस की चौकटींचे पैसे सुटले. पुढे नुसता नफा!" मी कॅलेंडर परत टांगलं.

"आधी दोन किलो सुकवून बघूया का?" सुनंदाने विचारलं.

"अगं, हिशेब केल्यावर बघायचं काय त्यात?" मी हसलो. ते हसू आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

तलासरीकडून दुकानदार जिग्नेशभाई आले. भाव ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दीडशे? सर, पक्का ने?"

"पक्का."

"पुन्हा एकदा बघून घ्या ने."

"जिग्नेशभाई, मी हाच विषय शिकवतो!"

"तर मग शंभर किलो लिहा," ते म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवून, आमचा विचार बदलायच्या आत निघाले.

शंभर किलो काप हवेत म्हणून मी शंभर किलो चिकू आणले. (हसू नका. त्या वेळी मला ते अगदी सरळ वाटलं होतं.) शेजारच्या पाड्यावरच्या लखमीताई सोलायला आल्या. ढीग बघून त्यांनी सुनंदाकडे बघितलं, सुनंदाने माझ्याकडे, आणि मी कॅलेंडरकडे. चार-पाच दिवस गच्चीवर कडक ऊन मिळालं. काप मस्त वाजायला लागले. मी रुबाबात वजनकाटा मांडला.

वीस किलो!

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. काट्यावर स्वतः उभा राहिलो. काटा दुर्दैवाने बरोबर होता. मग मी वटवाघळांवर संशय घेतला, खारींवर घेतला, खालच्या मजल्यावरच्या जोश्यांवरही घेतला. शेवटी सालं आणि बिया मागवून त्यांचं वजन केलं. अठरा किलो. "म्हणजे बासष्ट किलो माल गायब आहे!" मी ओरडलो. "मला त्याचा हिशेब पाहिजे!"

लखमीताईंनी पदराने हात पुसले. "सर, त्यात पानी व्हता ना. उन्हान् सुकला."

मी पुन्हा सालांच्या ढिगाकडे बघितलं.

"पाच किलोचा एक किलो व्हते," त्या पुढे म्हणाल्या. "आमचे पाड्यावर बारक्या पोरीला पन ठाव आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलाच नाय. तुमी तं लिहीत व्हते."

सुनंदाने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. किलोभर कापांना चिकूच दीडशेचे, सोलणावळ पन्नास, वर वीस. दोनशे वीस! विकायचे दीडशेला. म्हणजे प्रत्येक किलोला सत्तरचा खड्डा. शंभर किलो दिले तर सात हजार, चौकटींचे नऊ वेगळे. भिशीच्या विसातले सोळा हजार गेले असते आणि मी वर त्याला नफा म्हणत होतो. तिचा चेहरा उतरला. ती ओरडली असती तर परवडलं असतं. मला खरोखर लाज वाटली.

संध्याकाळी तिनेच जिग्नेशभाईंना बोलावून सगळं सांगितलं.

"मी तर दोन वेला विचारला," ते म्हणाले. "सर बोलले, हाच विषय शिकवतो. मला वाटला, काय नवीन शोध लागला असेल!"

"शब्द दिलाय, म्हणून हे वीस किलो दीडशेनेच न्या," सुनंदा म्हणाली. "पुढचे दोनशे ऐंशीने."

"दोनशे सत्तर करा, बेन."

"केले. पण उरलेले ऐंशी किलोही तुम्हीच घ्यायचे."

अर्ध्या मिनिटात सौदा! कॅलेंडर नाही, पट्टी नाही. वीस किलोंवरचा चौदाशेचा तोटा मात्र तिने माझ्या नावावर टाकला. तो मी सोलून फेडायचा होता, लखमीताईंच्याच दराने, किलोला दहा रुपये. पहिल्या रविवारी मी सहा किलो सोलले. त्यातले दोन लखमीताईंनी "हे पुना सोला" म्हणून माझ्याकडे ढकलून दिले.

धंदा मात्र चालला. पुढच्या हंगामात सुकवायचं यंत्र घ्यायचं म्हणून आम्ही दोघं बँकेत कर्ज मागायला गेलो. मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडे बघून एकदम खुलले. "अरे वा! घरात हिशेबाचे शिक्षक! म्हणजे धंद्याचे हिशेब हेच बघत असणार?"

"नाही नाही, साहेब!" सुनंदा घाईघाईने म्हणाली. "हिशेब मी बघते. हे फक्त सालं काढतात. आणि तेसुद्धा लखमीताई तपासून घेतात."

कर्ज त्याच दिवशी मंजूर झालं.