पंधरा देश आणि ओढ्याचा पूल

मी हायस्कूलवर भूगोल शिकवतो. तेहतीस वर्षं शिकवतोय आणि स्वतः मात्र एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला तुळजापूर, याच्या पलीकडं गेलेलो नाही. प्रवासाला मी पहिल्यापासून घाबरतो. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी नकाशावर खरोखर विश्वास ठेवून निघाला तो एकटा मच्छिंद्र. त्याची गोष्ट सांगायची तर तिच्यात माझाही हात आहे आणि तो काही अभिमानानं सांगावा असा नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमचं गाव सुप्यापासून आत बारा किलोमीटर. मच्छिंद्र सुप्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं फिटर होता. शिफ्ट सुटली की जुन्या बुलेटवर बसून घरी. गावाच्या अलीकडं ओढ्यावर पूल आहे. पूल संपला की चढ लागतो आणि गिअर खाली घ्यावा लागतो. तो आवाज कानावर आला की त्याची आई साळूबाई चुलीवर तवा टाकायची. काचबिंदूनं तिचे डोळे जाऊन दहा वर्षं झाली, पण तव्याची वेळ कधी चुकली नाही. गावात आता बुलेट पैशाला पासरी झाल्यात. त्या नव्या बुलेटांना साळूबाईच्या लेखी किंमत नव्हती. “त्या नुसत्या खाकरत्यात,” असं ती म्हणायची. एकदा मच्छिंद्रची गाडी त्याचा मित्र घेऊन आला, तर तिनं ओट्यावरूनच विचारलं होतं, “गाडी आपली हाय, पन चालवतंय कोन?”

गेल्याच्या गेल्या वर्षी कंपनीनं एक विभाग बंद केला आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी मच्छिंद्र माझ्याकडं आला. मला वाटलं, रडेल. त्यानं नकाशा मागितला.

“सर, वर्गात त्यो युरोपचा नकाशा हाय ना, त्यो दोन दिवस द्या.”

“कशाला रे?”

“जाऊन येतो म्हनलं.”

मी हसलो. तो हसला नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस, सातवीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून तुर्कस्तान कुठं हे बरोबर दाखवणारा. त्याच्या बायकोला, राजेश्वरीला, मी विचारलं, की तुझं म्हणणं काय. ती अंगणवाडीत सेविका आहे, मोजकं बोलते. “मी न्हाई म्हनलं तर राहतील सर. पन घरात नुसते बसून राहतील आनि ते मला बघवायचं न्हाई,” ती म्हणाली.

साळूबाईनं अडवलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की परत आलास ते मला कसं कळंल? मच्छिंद्र म्हणाला, “गाडी पुलावर वाजंल की. तू तवा टाक. गाडी दारात लावली की प्रवास संपला, त्याच्या आधी न्हाई.” हा शब्द त्यानं अगदी मनावर घेतला होता.

फेब्रुवारीत गाडी बोटीनं दुबईला गेली. तिथून इराण, आर्मेनिया, जॉर्जिया, तुर्कस्तान, मग बल्गेरियापासून थेट पोर्तुगालपर्यंत. एकूण पंधरा देश, एकटा माणूस, इंग्रजी जेमतेम. दर रविवारी त्याचा मोठा मेसेज यायचा आणि मी नकाशावर टाचणी टोचून मेसेज साळूबाईला वाचून दाखवायचो. फोनवर तिला दोनच प्रश्न सुचायचे: जेवलास का आणि कधी येतोस. बाकीचं सगळं ती माझ्या तोंडून ऐकायची. इराणात एका म्हाताऱ्यानं त्याला तीन दिवस ठेवून घेतलं, हे तिनं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. “त्या म्हाताऱ्याचं भलं हुईल,” असं ती प्रत्येक वेळी म्हणायची.

एप्रिलमध्ये आर्मेनियातल्या एका घाटात मच्छिंद्र बर्फावरून घसरला. दोन बरगड्या मोडल्या. एका कुटुंबानं त्याला अकरा दिवस सांभाळलं. गाडीचा सायलेन्सर पार चेपला, इंजिनालाही मार बसला. तिथल्या मेकॅनिकनं इंजिन उघडून कुठल्याशा जुन्या रशियन गाडीचे भाग घातले आणि सायलेन्सरच्या जागी त्याच गाडीची पुंगळी वेल्डिंग करून बसवली. हे सगळं मच्छिंद्रनं मला आणि राजेश्वरीला कळवलं. त्या रविवारी मी साळूबाईपुढं मोबाईल धरला, तो मेसेज डोळ्यांनी वाचला आणि तोंडानं म्हणालो, “मावशी, मच्छिंद्र बर्फ बघतोय. आराम करतोय थोडे दिवस.”

आमच्याकडं असंच करतात. म्हातारीला कशाला सांगायचं! राजेश्वरी मान खाली घालून शेंगा फोडत होती. तिनंही काही सांगितलं नाही. साळूबाई खूश झाली. बर्फ हातात धरला तर भाजल्यासारखं होतं का, असं तिनं विचारलं आणि मी भूगोलाचा मास्तर, हो म्हणालो.

डिसेंबरात त्यानं लिस्बनहून गाडी जहाजात चढवली आणि स्वतः विमानानं मुंबईला आला. पण गावात आला नाही. गाडी बंदरात उतरली की तिच्यावरूनच घरी यायचं, असा त्याचा हट्ट. उरणला मावसभावाकडं राहिला. आईला आम्ही सांगितलं, की तो जहाजात आहे. जहाज तांबड्या समुद्रातल्या भानगडीमुळं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून आलं. तेवढ्यात गाडी परदेशी नेण्याच्या परवान्याची वर्षाची मुदत संपली. जहाज आलं, गाडी उतरली आणि बंदरात कागदांसाठी अडकून पडली. रोज तो बंदरावर जायचा, रोज परत यायचा. “सर, पंधरा देशांत मला कुनी अडवलं न्हाई,” तो फोनवर म्हणाला, “आनि आता घर दोनशे किलोमीटरवर हाय तर मला काईच करता येईना.”

चैत्रात गावची यात्रा आली. यात्रा कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी मच्छिंद्रचा जाहीर सत्कार ठरवला होता. पुण्या-मुंबईची सगळी माणसं यात्रेला येतात, म्हणून तोच दिवस. फ्लेक्स लागले होते. त्यावर मच्छिंद्र, बुलेट आणि मागं आयफेल टॉवर, शेजारी मच्छिंद्रएवढेच मोठे काकासाहेब. मी सांगितलं, की गाडी अजून बंदरात आहे.

“मग दुसरी आना की,” काकासाहेब म्हणाले. “लोकांला काय कळतंय!”

मी इथं नाही म्हणायला हवं होतं. मी काय केलं, तर माझा जुना विद्यार्थी हर्षल, सुप्यात राहतो, त्याची काळी बुलेट मागून आणली, तिला पंधरा देशांचे झेंडे चिकटवले आणि नंबर प्लेटवर झेंडूची माळ बांधली. मच्छिंद्रला फोन मीच केला. तो नको नको म्हणत होता. “सर, त्या गाडीवर मी न्हाई बसनार. आईला काय सांगू?” मी म्हणालो, “अरे, एका दिवसाचा प्रश्न. आईला भेटशील तरी.” या शेवटच्या वाक्यानं तो विरघळला. चौदा महिने झाले होते आईला भेटून.

ओढ्याच्या पुलावर दोन जेसीबींनी फुलं उधळली. हलगी, ताशा, गुलाल. मच्छिंद्र त्या गाडीवर असा बसला होता की जणू ती त्याला चावेल. दारात साळूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी. तिनं दोन शब्द बोलावेत म्हणून कमिटीच्या माणसानं माइक तिच्या तोंडापुढं धरला होता. गाडी दारात आली. वाजंत्री थांबली. आणि साऱ्या गावच्या कर्ण्यांतून साळूबाईचा आवाज आला:

“ही कुनाची गाडी? ही आमची न्हाई.”

मच्छिंद्र उतरून पाया पडला. तिनं त्याचं तोंड चाचपलं, वाढलेली दाढी चाचपली आणि रडायला लागली. मी म्हटलं, निभावलं. तेवढ्यात तिनं विचारलं, “पन आपली गाडी कुठं सोडलीस रं?” हेही कर्ण्यांतून गेलं. काकासाहेबांनी माइक ओढून घेतला आणि हसत म्हणाले, “लांबून आली ना गाडी! आवाज बदललाय तिचा!” लोक हसले. नंतर गर्दीत झेंडूची माळ सुटली आणि खालचा नंबर दिसला. हर्षलचा हौसेनं घेतलेला नंबर सुप्यात शेंबडं पोरही ओळखतं.

साळूबाईचा व्हिडिओ संध्याकाळच्या आत तालुकाभर फिरला. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं: हा गेलाच नव्हता. पुण्यात कुठंतरी वॉचमन होता म्हणे. मच्छिंद्र आठवडाभर खिशात पासपोर्ट घेऊन हिंडला. पारावर उघडून दाखवला, तर एक जण म्हणाला, शिक्के काय, नगरला पन्नास रुपयाला मिळतात. फोटो दाखवले, तर म्हणाले, मोबाईलवर आता काय बी करता येतं. मी वर्गातल्या नकाशाच्या टाचण्या दाखवल्या, तेव्हा मात्र सगळे खदखदून हसले. त्यांचंही बरोबर होतं. ज्यानं खोटी गाडी सजवली त्याच्या टाचण्या कोण खऱ्या मानणार? मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की मी चार दिवस पारावरून न जाता मागच्या बोळानं शाळेत गेलो.

मच्छिंद्र मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याची सगळी भिस्त आता एका गोष्टीवर होती. “गाडी येऊ द्या सर. आईनं सगळ्यांसमोर एकदा ‘आपली हाय’ म्हनलं की झालं. म्हातारी खोटं बोलत न्हाई, हे गाव जानतंय.” खरंच होतं ते. आणि साळूबाईही तेच धरून बसली होती. लोक तिच्या कानावर घालायचे, की तुझं पोरगं फसवतंय. ती म्हणायची, “गाडी आली की मला कळंल.” रोज चार वाजता ओट्यावर, तोंड ओढ्याकडं.

मे महिन्याच्या शेवटी कागद सुटले. मच्छिंद्र बंदरावर गेला आणि पनवेल, पुणे, शिरूर करत गाडीवरून निघाला. सुप्यातून त्याचा फोन आला. आवाज पोरासारखा झाला होता. “पोचलोच सर. आईला भाईर बसवा. पारावरच्यांनाबी बोलवा.” मी बोलावलं. वीसेक माणसं आली, काकासाहेब आले, हात मागं बांधून उभे राहिले. राजेश्वरीनं चूल पेटवली. साळूबाईच्या हातात तवा होता. तिनं तो मांडीवर धरून ठेवला होता.

पुलावर गाडी आली. मी ऐकली आणि साळूबाईकडं पाहिलं. आर्मेनियातली ती पुंगळी. ती गाडी भसाड्या, फाटक्या आवाजात चढ चढत होती. त्या गाडीवर आठ महिने बसून मच्छिंद्रच्या कानांना तोच आवाज गाडीचा वाटायला लागला असणार. त्याला हे सुचलंच नाही. मला सुचायला हवं होतं आणि मलाही नाही सुचलं.

गाडी दारात येऊन उभी राहिली. धुळीनं माखलेली, टाकीवर पोचे, मागच्या पेटीवर पंधरा देशांचे खरे, उन्हानं विटलेले झेंडे. साळूबाई तिच्याकडं पाठ करून अजून ओढ्याकडंच कान लावून बसली होती.

“मास्तर, ही कोनाची गाडी आली?” तिनं विचारलं. “बंद करायला सांगा, मला ऐकू येईना.”

मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं. “मी हाय, आई.”

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. “परत दुसऱ्याचीच आनलीस?”

मी पुढं झालो. “मावशी, हीच ती गाडी. लांबून आली, आवाज बदललाय तिचा.” बोलता बोलता मला कळलं, की हेच शब्द काकासाहेब यात्रेत बोलले होते.

“यात्रंत बी हेच म्हनलं हुतं,” साळूबाई म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. घाट, बर्फ, बरगड्या, अकरा दिवस, रशियन गाडीचे भाग. घाईघाईनं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. चिडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

“मास्तर,” ती म्हणाली, “त्या येळंला तर तुमी म्हनला हुता, त्यो बर्फ बघतोय.”

काकासाहेब घसा खाकरून निघाले. त्यांच्या मागं बाकीचेही निघाले, कुणी हसलं नाही. मच्छिंद्र शर्ट वर करून बरगडीवरची खूण दाखवायला गेला आणि कुणाला दाखवतोय हे लक्षात येऊन त्यानं शर्ट खाली सोडला.

साळूबाईनं मांडीवरचा तवा राजेश्वरीकडं दिला. मग हात पुढं करून लेकाचा दंड शोधला आणि धरला.

“असू दे,” ती म्हणाली. “हात-पाय धू, जेव. आनि सकाळी ज्याची हाय त्याला देऊन ये.”

मच्छिंद्रनं माझ्याकडं पाहिलं. मग तो “व्हय” म्हणाला आणि गाडी ढकलत गोठ्याच्या कडेला नेऊन लावली.