शेपटीच्या दिव्याची तार

आमच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, विमान आहे. दोन माणसांचं, छोटंसं. गेली सहा वर्षं हे स्वतःच्या हातांनी ते बांधताहेत. माझा स्वयंपाकघरातला वजनकाटाही केव्हाच तिकडे गेलाय. आज त्यावर तारा होत्या. शेपटीच्या दिव्यासाठी जाड तार घ्यावी तर वजन वाढतं, बारीक घ्यावी तर ती तापते.

शेवटी ह्यांनी बारीक तार जोडली, तासभर दिवा चालू ठेवला आणि मला हाक मारली. "अगं, जरा हात लावून बघ. तुझ्या हाताला ताप बरोबर कळतो."

मी तार मुठीत धरली. मुलांची कपाळं आठवली. समोर तो दिवा जळत होता. विमान चालवणाऱ्याला तो कधीच दिसत नाही, मागच्यांना दिसतो. म्हणजे मलाच. अंगणात मान वर करून मी तोच शोधत राहणार, दिसेनासा होईपर्यंत आणि त्यानंतरही. इतकी वर्षं विमान म्हणजे नुसती ठोकाठोक आणि रंगाचा वास होता. हे खरंच उडणार आहे, हे मला आज कळत होतं.

"काय म्हणतेय तार?"

"गरम लागतेय," मी म्हटलं.

ह्यांनी एका शब्दानं शंका घेतली नाही. जाड तारेचं रीळ काढलं आणि शेपटीपासून पुन्हा सगळं सोडवायला घेतलं. दोन दिवस तरी जातील.

तार गारच होती.