राणी सरकली तेव्हा

सिंगापूरमध्ये बेडोकला आमच्या इमारतीखाली एक मराठी गृहस्थ दर रविवारी कॅरम मांडून बसायचे. त्यांचा जेवणाच्या डब्यांचा धंदा होता. अनोळखी माणसालाही खेळायला बोलवायचे आणि आपला फाउल आपणच सांगून सोंगटी परत ठेवायचे. इतका सज्जनपणा? हा माणूस नक्की विमा गळ्यात मारणार, म्हणून मी त्यांच्या बोटांवरच डोळा ठेवायचो.

एकदा माझंच मनगट लागून राणी भोकाजवळ सरकली. मी गप्प बसलो आणि जिंकलो.

पुढच्या रविवारी माझ्या जागेवर दुसराच कोणी होता.

"हे माझे नवे भागीदार," ते म्हणाले. "कॅरम खेळल्याशिवाय मी धंद्यात माणूस घेत नाही. तुमचा नेम मात्र सुंदर आहे हो!"

नोकरीला विटलेला मी नुसता हसलो. त्यांनी राणी सरकताना पाहिली होती का, हा संशय अजून जात नाही.