डिझेलची गाडी

कुवेतमधल्या आमच्या घरी काळजी करण्याचं खातं माझ्याकडे आहे. लग्न झाल्यापासून आहे, आणि मी ते इमानेइतबारे सांभाळते. पण गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडला निघालो तेव्हा मला जी काळजी होती ती मी कुणालाच सांगितली नव्हती. नवरा विसरायला लागला होता.

चाव्या, चष्मा हे सगळेच विसरतात. मी म्हणते ते वेगळं. कुकर लावून तो शिट्टीची वाट बघत उभा होता आणि खाली गॅसच पेटवलेला नव्हता. कामावरून, मीना अल-अहमदीहून मंगफला घरी यायचा रस्ता, ज्यावरून तो वीस वर्षं येतो, तिथे एका संध्याकाळी वळण सोडून तो सरळ पुढे गेला आणि खूप वेळाने आला. ट्रॅफिक होतं म्हणाला. माझे सासरे असेच. आधी छत्र्या हरवल्या, मग शेजाऱ्यांची नावं, आणि शेवटी नाशिकला दारात उभ्या राहिलेल्या याच मुलाला त्यांनी विचारलं, "आपण कुणाकडे आलात?" तेव्हा नवरा हसला होता. मग बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून बसला होता.

तो रिफायनरीत आहे. त्याच्या शिफ्टला एक वाल्व चुकीचा उघडला तर काय होईल, याचा विचार मी मध्यावर सोडून देते. आणि आगीचं राहू द्या, नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना जातो, इकामा गेला की घर आवरायचं. मी जाब्रियातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या हातात असतात आणि डोक्यात हे. मन चिंती ते वैरी न चिंती, असं माझी आई म्हणायची ते उगीच नाही.

त्यामुळे सुट्टीत या वेळी नाशिकला न जाता इंग्लंडला जाऊ, गाडी भाड्याने घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडू, असं त्याने स्वतःहून सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्याला वाटलं असेल बायको खूश झाली. मी मनात म्हटलं, बरं झालं. एरवी हा पहाटे जातो आणि दमून येतो. दमलेला माणूस आणि विसरलेला माणूस एकसारखाच दिसतो. तिथे तो दोन आठवडे चोवीस तास माझ्या डोळ्यांसमोर राहील. मला खरं काय ते कळेल.

गाडी घेतानाच कौंटरवरच्या मुलीने सांगितलं की आम्ही सांगितलेली गाडी नाही, त्याऐवजी डिझेलची देतेय. "डिझेल," ती परत म्हणाली. नवरा म्हणाला, "नो प्रॉब्लेम, आय मेक इट." ती हसली. मीही हसले, कारण हे त्याचं नेहमीचं बोलणं होतं आणि नेहमीचं काहीही ऐकलं की मला हायसं वाटायचं.

पहिल्या सकाळी तो गाडीच्या डाव्या दाराकडे गेला. आत स्टिअरिंग नव्हतं. हे तेच, मी मनात म्हटलं. मग लक्षात आलं की मी स्वतः उजव्या दाराशी उभी आहे, हँडलला हात घालून. दोघंही खो खो हसलो. पुण्यात असताना त्याच्याकडे स्कूटर होती, गाडी तो कुवेतमध्येच शिकला, उजव्या बाजूने. माझ्याकडे तर लायसन्सच नाही. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चुकीचा मी मनात निवाडा करायला लागले: ही कुवेतची, की ही सासऱ्यांची? दाराची चूक कुवेतची. चौकातल्या गोलात तो उलट्या बाजूने शिरला, समोरून एक बाई हॉर्न वाजवत आली आणि माझ्या तोंडून "अरे मेलो!" निघालं, ती चूकसुद्धा कुवेतची. हॉटेलवाल्याला खोलीचा नंबर सांगताना तो अडखळला. ते इंग्रजांच्या उच्चारामुळे. "कुवेतची सवय, दुसरं काय," असा निकाल मी त्याला ऐकवायचेही. मी न्यायाधीश म्हणून फारच दयाळू निघाले.

यॉर्कशायरच्या त्या भागात रस्ते म्हणजे दोन दगडी गडग्यांमधल्या बोळकंड्या. कुवेतमध्ये आमचा रस्ता सहा पदरी आणि सरळ; गाडी मागे घ्यायची वेळच येत नाही. इथे वळणावर अचानक ट्रॅक्टर उभा ठाकला, आणि तो मागे जाणार नव्हता हे त्याच्या नुसत्या आकारावरून कळत होतं. मी जीव मुठीत धरून बसले. नवऱ्याने मात्र शांतपणे मान वळवली आणि चढावरून, आरशाला गडग्याचा स्पर्शही न होऊ देता, गाडी मागे नेऊन एका फाटकाच्या खोबणीत बसवली. शेतकऱ्याने जाताना आभार म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. मला रडूच आलं. "काय गं?" तो म्हणाला. म्हटलं, "मेंढ्या किती गोड आहेत."

त्या रात्री मी शांत झोपले. उगाच घाबरत होते मी. ज्याला असं रिव्हर्स घेता येतं त्याला काय होणार?

दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर थांबलो. गाव एवढंसं, पंपही दोनच नळ्यांचा, पाठीमागे किराणा दुकान. नवऱ्याने काच खाली केली आणि बसून राहिला. मीही. कुवेतमध्ये काच बोटभर खाली करायची, "फुल" म्हणायचं, पैसे द्यायचे आणि गरम हवा आत यायच्या आधी काच वर. टाकी कुठल्या बाजूला असते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, इथे आपणच भरायचं असतं!" तो हसत उतरला. मी दुकानात सँडविच बघायला गेले. काचेतून तो दिसत होता. हातात पाइप, तोंड वाऱ्याकडे, केस विस्कटलेले. छान दिसत होता.

गाव मागे पडलं आणि गाडीला ठसका लागला. मग चढावर हिसके देत ती बंद पडली. नवरा उतरला, टाकीचं झाकण उघडून बघत उभा राहिला. मी गेले. झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत डिझेल लिहिलेलं होतं, आणि टाकीतून पेट्रोलचा वास येत होता.

जन्मभर डिझेल बनवणाऱ्या माणसाने डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी चिडवलं, "तुझ्या बॉसला फोटो पाठवू?" तो हसला नाही. मग मी सुरूच झाले. "अरे, तुला कुठली सवय? तिकडे कधी हातात पाइप धरलायस का? आणि डिझेलची गाडी तिकडे कुणाकडे असते? कुणाचंही झालं असतं."

"मी वाचलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"झाकण उघडलं तेव्हा वाचलं. डिझेल. मनात म्हटलंसुद्धा. मग पाइप घ्यायला वळलो आणि... ते नव्हतंच. डोक्यात काहीच नव्हतं."

वारा फार होता. मी म्हटलं, "थंडी वाजतेय. गाडीत बस." मदतीच्या गाडीतून एक लाल गालांचा माणूस आला, टाकी रिकामी करताना म्हणाला की दर आठवड्याला कुणीतरी हेच करतं. त्याला मी मिठीच मारणार होते. उरलेल्या सुट्टीभर मी ते वाक्य नवऱ्याला ऐकवत राहिले. "बघ, तो काय म्हणाला? दर आठवड्याला!" नवरा गाडी चालवत राहिला, हो हो म्हणत राहिला.

कुवेतला परत आल्यावर त्यानेच मला सांगितलं, "तुमच्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर बसतात ना, त्यांची वेळ घे." कंपनीच्या दवाखान्यात नको म्हणाला. मी वेळ घेतली. तपासणीच्या खोलीत जायला माझा रोजचाच कॉरिडॉर होता.

डॉक्टर केरळचे, बोलायला हिंदी. त्यांनी विचारलं, "यह कब से है?"

मी म्हटलं, "छह महीने."

"दो साल," नवरा म्हणाला.

आम्ही दोघंही एकदमच बोललो होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नवरा त्यांनाच सांगत होता, जणू मी खोलीत नव्हतेच. "मैडम को नहीं बताया. वो टेन्शन बहुत लेती है."

डॉक्टर काहीतरी आणायला बाहेर गेले. मी विचारलं, "का नाही सांगितलंस मला?"

"मला बोलताच येत नव्हतं गं. घरी आल्यावर तोंड उघडायचो आणि काहीतरी दुसरंच बोलायचो. म्हणून तर इंग्लंडला नेलं तुला. म्हटलं, अनोळखी रस्ते आहेत, दिवसभर शेजारी बसशील, तुला आपोआप दिसेल. मला सांगावं लागणार नाही." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "पण तू प्रत्येक वेळी सगळं कुवेतवर ढकलत होतीस."