टिकली आणि पंतांची ओळख

आईबापांनी नाव विनया ठेवलं खरं, पण त्यांचा अंदाज पार चुकला. फरीदाबादच्या भाजीवाल्यापासून नवऱ्याच्या कारखान्यातल्या बड्या साहेबापर्यंत कोणापुढेही विनया खानविलकरांनी मान तुकवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. एखादी गोष्ट मनावर घेतली की बाई हात धुऊन तिच्या मागे लागायच्या. समोरचा माणूस शेवटी हो म्हणायचा. पटलं म्हणून कमी, सुटका व्हावी म्हणून जास्त.

अशा बाईचीसुद्धा एकदा बोबडी वळली होती. पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या, तेव्हा त्यांचं हिंदी यथातथाच होतं. शेजारणींनी हौसेने चहाला बोलावलं, सोफ्यावर मधोमध बसवलं आणि समोर गोलाकार बसून त्या म्हणाल्या, "और सुनाइए!" आता काय सुनावायचं? सगळ्या तोंडाकडे बघतायत, आणि विनयाताईंना एक धड वाक्य सुचेना. घरी येऊन त्या चक्क रडल्या. पुढे त्याच शेजारणींपैकी एक, कल्पना नावाची, संध्याकाळी फिरायला सोबत येऊ लागली. शेजारी शेजारी चालायचं, बोलणं सुचलं तर बोलायचं, नाही तर रस्त्याकडे बघायचं. महिन्याभरात दोघी सख्ख्या मैत्रिणी झाल्या. अनोळखी जिवांना समोरासमोर बसवू नये, आधी बाजूबाजूने चालवावं, हे ज्ञान विनयाताईंना तिथे झालं. कुत्र्यांबाबतही हेच खरं, हे त्यांना पुष्कळ नंतर कळलं.

फरीदाबादबाहेर अरवलीच्या बाजूला रस्त्यावरून सोडवून आणलेल्या कुत्र्यांचं एक आश्रयघर आहे. विनयाताई तिथे सेवा म्हणून जात. लोक एखादं कुत्रं काही महिने घरी सांभाळायला नेतात, त्याला सगळे फॉस्टर म्हणतात. आता असं नेणाऱ्यांच्या घरी बहुतेकदा आधीच एक कुत्रं असतंच. त्या घरच्या चारपायी मालकाची आणि पिंजऱ्यातल्या पाहुण्याची गाठ घालून देणं हे विनयाताईंचं काम. स्वतःच्या घरी मात्र त्या एकही नेऊ शकत नव्हत्या. नवरा परीक्षित दम्याचा. कुत्र्याचा केस नाकात गेला की थेट हॉस्पिटल. बाई दारातच कपडे बदलून मग आत जात.

त्या वर्षी आश्रयघराची अर्धी जागा मूळ मालकाने परत मागितली. पिंजऱ्यांची मागची ओळ दिवाळीआधी पाडायची ठरली. एकेक कुत्रं कोणी ना कोणी नेलं. राहिली टिकली. अंगाने पिवळसर, कपाळावर काळा ठिपका. पिंजऱ्यासमोरून दुसरं कुत्रं गेलं की ती गजांवर अशी झेप घ्यायची की अख्खी ओळ हादरायची. 'कुत्र्यांना फाडते' असा तिच्यावर शिक्का बसला होता. तिला घर मिळालं नाही तर हरियाणातल्याच दूरच्या एका ठिकाणी पाठवायचं ठरलं. तिथे भांडखोर कुत्र्यांना जन्मभर एकटं ठेवतात.

"मॅडमजी, इसका कुछ नहीं होगा," श्याम म्हणाला. श्याम आश्रयघराची गाडी चालवायचा आणि विनयाताईंच्या सोबतीने दुसरा पट्टा धरायचा.

"तू गाडी में बैठ के बाहर वाले को गाली देता है ना? काच खाली किया तो वही आदमी भाईसाब होता है. इसका भी वैसाच है," विनयाताई आपल्या हिंदीत म्हणाल्या. "गज का गुस्सा है. चल, पट्टा ला."

मग रोज टिकलीला बाहेर काढायचं. कुंपणाच्या कडेने पलीकडून श्याम एखादं शांत कुत्रं घेऊन चालायचा, अलीकडून विनयाताई टिकलीला घेऊन. आधी मध्ये अख्खा रस्ता, मग अर्धा. पट्टा सैल. पट्टा ताणला की आपल्या हातातली भीती थेट कुत्र्याच्या मानेत उतरते, असं त्या सगळ्यांना दटावून सांगत. टिकलीचं तोंड मिटलं, शेपटी ताठ झाली की लगेच वळायचं, लांब जायचं. तोंड उघडं पडलं, अंग सैल झालं की थोडं जवळ. शेवटी मागून एक ओझरता वास, आणि पुन्हा चाल. टिकलीने कोणालाही फाडलं नाही. एका थोराड काळ्या कुत्र्यापुढे तर पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून खेळायचं आमंत्रणही दिलं. श्यामने स्वतःहून आपला पट्टा थोडा सैल सोडला.

तेवढ्यात दिल्लीतल्या मयूर विहारहून फोन आला. वैभवी आणि जयेश, मुंबईचं जोडपं, दोघंही आयटीत. घरी त्यांचा लहान मुलगा, जयेशची आई आणि म्हातारा कुत्रा पंत. चाल संथ, चेहरा गंभीर, म्हणून पंत. "ताई, त्याला कंपनी हवीये यार. आम्ही दिवसभर ऑफिसात असतो," वैभवी म्हणाली. विनयाताईंनी तिला तासभर पढवलं. पंतांचं ताट उचलून ठेवा, चेंडू लपवा, सोफ्याखालचं हाडूक काढा. खायची एकही वस्तू दोघांच्या मध्ये नको. दोघं बाहेर भेटतील, दमेपर्यंत चालतील आणि मगच एकत्र घरात शिरतील. वैभवी प्रत्येक वाक्याला "बिल्कुल, बिल्कुल" म्हणत होती.

रविवारी सकाळी सोसायटीमागच्या रस्त्यावर भेट झाली ती अगदी दृष्ट लागण्यासारखी. जयेशने पंतांना धरलं, विनयाताईंनी टिकलीला. चालता चालता अंतर मिटलं. पंतांनी टिकलीचा मागून वास घेतला, तिने त्यांचा घेतला, आणि दोघं एकाच खांबाशी मन लावून हुंगत उभे राहिले. जयेश हसला. विनयाताईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. दोन्ही कुत्री घेऊन सगळे जिन्याने वर आले.

दार उघडं होतं. दारात जयेशची आई उभी होती, शेवंताबाई. ठेवणीतली साडी नेसलेली, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरतुकडा. लेक पहिल्यांदा सासरहून आली, बाळंतीण घरी आली, की दारातच थांबवून तुकडा ओवाळून टाकायची आपली रीत. शेवंताबाईंच्या लेखी ही नवी मुलगीच घरी येत होती.

त्या क्षणी विनयाताईंनी 'थांबा' म्हणायला हवं होतं. ते त्यांचं कामच होतं. पण दिल्लीकडच्या इतक्या वर्षांत असं दारात कोणी भाकरतुकडा घेऊन उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपलीच कोणी लेक घरी चाललीय असं वाटून त्या नुसत्या हसत उभ्या राहिल्या. शेवंताबाईंनी तुकडा टिकलीवरून ओवाळला आणि बाजूला टाकला. तो पडला नेमका दोन तोंडांच्या मध्ये.

पुढचं सगळं एका दमात झालं. पंत आपल्या घरचा घास म्हणून झेपावले, टिकली पिंजऱ्यातली भूक म्हणून. उंबऱ्यावर एकच गोळा झाला, गुरगुर, किंचाळी, वैभवीचं ओरडणं. जयेश हात घालायला धावला. "हात नको!" विनयाताई कडाडल्या. त्यांनी शेवंताबाईंच्या हातातला तांब्या हिसकावला आणि सगळं पाणी दोघांच्या तोंडावर ओतलं. कुत्री क्षणभर गांगरली, तेवढ्यात पट्टे ओढून दोघांना वेगळं केलं. पंतांचा कान फाटला होता. जिन्याच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. टिकली कोपऱ्यात थरथरत होती.

"सॉरी ताई," जयेश म्हणाला, "नाही जमणार. तुम्ही घेऊन जा तिला."

"चूक माझी आहे," विनयाताई म्हणाल्या.

"छे, तुमची कशी? तुकडा मी टाकला," शेवंताबाई म्हणाल्या.

"मी बघत होते. मला थांबवायला हवं होतं."

"तुम्ही पाहुण्या. घर माझं, तुकडा माझा."

"आई, ताई, प्लीज!" वैभवी रडकुंडीला आली. "चूक कोणाची का असेना. पंतचा कान बघा ना!"

पंतांना घेऊन दोघं डॉक्टरकडे गेली. विनयाताई टिकलीला घेऊन श्यामच्या गाडीत बसल्या. आश्रयघरात पिंजऱ्याचं दार लावताना त्यांना स्वतःची शरम वाटली. पोरीच्या वाट्याला एकच घर आलं होतं आणि ते आपल्या हळवेपणापायी गेलं. वैभवीला तासभर पढवलं, पण घरातल्या थोरल्या माणसाशी एक शब्द बोलायची आपल्याला गरज वाटली नाही. सोफ्याखालचं हाडूक आठवलं, माणूस राहिलं. आता ही त्या दूरच्या ठिकाणी रात्रंदिवस भिंतीकडे बघत राहणार.

पण हार मानायची सवयच नसेल तर माणूस काय करणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी जयेशला फोन लावला. त्याने उचलला नाही. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. दुपारी ऑनलाइन मीटिंग सोडून वैतागून त्याने उचलला.

"घरात नाही आणत. शब्द देते," त्या घाईने म्हणाल्या. "पंतांचा कान बरा झाला की फक्त चालायचं. बाहेर. तू नाही म्हणालास त्या दिवशी बंद."

"ताई, मला रोज टाइम कुठे आहे? आणि खरं सांगू? मला भीती वाटते. पट्टा धरला तर माझे हात कापतील."

मागून शेवंताबाईंचा आवाज आला. त्या दिवशी जयेश त्यांच्याच खोलीत बसून घरून काम करत होता. "मी धरते पट्टा."

"आई, तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. आणि त्या मुक्या पोरीला माझ्या चुकीची शिक्षा नको."

कानाची जखम भरली आणि चालणं सुरू झालं. रोज सकाळी श्यामची गाडी टिकलीला घेऊन यायची. रस्त्याच्या एका कडेने शेवंताबाई आणि पंत, दुसऱ्या कडेने विनयाताई आणि टिकली. पहिल्या दिवशी पंतांनी टिकलीकडे पाहायलाही नकार दिला. टिकली त्यांना बघून जमिनीला चिकटायची. विनयाताई वळायच्या, लांब जायच्या, पुन्हा यायच्या. शेवंताबाई इतक्या सावकाश चालायच्या की पंत मध्येच थांबून त्यांची वाट बघत. एखाद दिवशी टिकली गुरगुरली की विनयाताई नुसतं म्हणायच्या, "उद्या पुन्हा."

अंतर कमी झालं तसं दोन बायकांचं बोलणं वाढलं. शेवंताबाईंना दिल्लीत मराठी बोलायला कोणी नव्हतं. नातू आजीला हिंदीतच उत्तरं द्यायचा. आता थालीपिठापासून गुडघ्याच्या तेलापर्यंत सगळं निघायचं. कुत्री मध्ये चालायची, बायका दोन्ही बाजूंनी. पट्ट्यांकडे कोणाचं फारसं लक्षही नसायचं.

तिकडे आश्रयघरात पिंजऱ्यांची ओळ पाडायला माणसं येऊन मापं घेऊन गेली होती. विनयाताईंनी हे शेवंताबाईंना सांगितलं नव्हतं. दया म्हणून त्यांनी हो म्हणावं आणि मग पुन्हा रक्त निघावं, हे त्यांना नको होतं.

एका सकाळी पंत दमले आणि रस्त्याच्या कडेला, ऊन पडलं होतं तिथे, खुशाल बसले. ओढलं तरी उठेनात. टिकली दोन पावलं पुढे गेली, थांबली, मागे वळली. विनयाताईंनी पट्टा सैलच ठेवला. टिकलीने पंतांचा तो फाटका कान हुंगला. एकदा चाटला. मग त्यांच्याकडे पाठ करून, अगदी टेकून बसली. पंतांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी जयेश घरीच होता. बाल्कनीतून त्याने ते पाहिलं असावं. चप्पल न घालताच तो खाली आला. दोन्ही कुत्र्यांकडे बघत म्हणाला, "ताई, वर चला. ट्राय करू."

घरात सगळं उचलून ठेवलेलं होतं. दोघांची ताटं दोन वेगळ्या खोल्यांत, मध्ये बंद दार. टिकली आत गेली, पंत तिच्या मागून. तिने प्रत्येक कोपरा हुंगला, पंखा लागल्यावर दचकली, शेवंताबाईंच्या पायाशी जाऊन बसली. विनयाताई दुपारपर्यंत थांबल्या. गुरगुर नाही, झेप नाही. वैभवीने चौथ्यांदा "थँक यू" म्हटल्यावर त्या उठल्या.

त्या चप्पल घालत असताना टिकली दारात आली. पहिल्यांदा बाहेर काढलं त्या दिवसापासून तिने पिंजऱ्याच्या दारात कायम याच बाईची वाट पाहिली होती. आताही शेपटी हलवत ती लिफ्टपर्यंत आली आणि तोंड वर करून उभी राहिली. एक हाक मारली असती तर ती सरळ लिफ्टमध्ये शिरली असती. हे विनयाताईंना पक्कं ठाऊक होतं, आणि हाक मारावी असं इतकं वाटत होतं की त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, तोही फिरवला नाही. लिफ्ट आली. त्या आत गेल्या आणि टिकलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मागे नखांचा आवाज आला. आधी लिफ्टच्या दाराशी, मग हळूहळू दूर, घराच्या दिशेने. शेवंताबाई म्हणाल्या, "आलीस गं?" आणि दार लागलं.